दुसरा बोल्ट

प्रिय दादा,

तुझा चष्मा इथे लेथच्या वरच्या फळीवर राहिलाय, म्हणजे हे पत्र तुला तुझी पोरगीच वाचून दाखवणार. पोरी, सावकाश वाच आणि आत्याची वाक्यं गाळू नकोस, कडू लागली तरी.

तू गेल्याला आज अकरा दिवस झाले. वर्कशॉपच्या पाटीवरचं तुझं नाव खोडायला पेंटर शनिवारी येणार, हा तुझा निरोप पोचला. पेंटरही पाटी बघून गेला. विचारत होता, ताई, मोकळ्या जागेत फूल काढू का. म्हटलं, शनिवारपर्यंत दम धर, तोवर कोणाचं तरी डोकं ठिकाणावर येईल. माझं काही आलं नाही. उलट जे समजलंय त्याने गोंधळ वाढलाच. म्हणून आधी कामाचं लिहिते, भांडणाचं मागून.

आटे एका दमात पडत नाहीत हे तुला सांगायला नको, पण वाचणारीला कळायला हवं. टूल त्याच खाचेतून दहादा जातं, दर वेळी केसभर जास्त खोल, आणि दर वेळी निघतं ते फेऱ्यातल्या अगदी त्याच जागेवरून. तू हे तीस वर्षं चकवर, म्हणजे शाफ्ट धरणाऱ्या जबड्यावर, खडूची रेघ मारून केलंस, तेही शीळ घालत. मी लेथला जोडलेल्या नव्या कम्प्युटरला डोळे नाहीत, कान नाहीत, शीळ तर नाहीच. म्हणून मी चक फिरवणाऱ्या स्पिंडलच्या मागे सेन्सर बसवला आणि स्पिंडलच्या कॉलरवर, म्हणजे कड्यावर, एक जाडजूड बोल्ट ठोकला. बोल्ट सेन्सरसमोरून गेला की कम्प्युटर समजतो, एक फेरा झाला, सोडा टूल. तू वाकून पाहिलंस आणि एवढंच म्हणालास, "एकाच बाजूला एवढं वजन?" मी म्हटलं, "तू आपला खडू सांभाळ."

पहिल्या दिवशी पंपवाल्या गिऱ्हाइकाचा शाफ्ट काढला. नट असा सरसर गेला की मीच हसले. यंत्र मात्र इतकं थरथरत होतं की ट्रेमधला पाना चालत चालत खाली पडला. नवीन आहे, रुळेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शाफ्ट मिरवायला पंपवाल्याकडे गेले. शेडमध्ये तू एकटा होतास.

त्यानंतरच्या सकाळपासून दोन गोष्टी झाल्या. थरथर पार गेली. आणि एकाही शाफ्टवर नट चढेना. आट्यांवर अंतर मोजायची दातेरी पट्टी ठेवली तर दाताला दात बसतो, जणू एकमेकांसाठीच जन्मले. नट लावला तर अर्धा फेरा जातो आणि रुसून बसतो. पट्टा मिनिटाला तीनशे फेऱ्यांच्या पुलीवर, पडद्यावर मात्र फेरे सहाशे. ज्याच्याकडून हा सगळा सरंजाम घेतला त्याचा तज्ज्ञ फोनवर म्हणाला, पडद्याकडे बघू नका. मग म्हणाला, अर्थिंग बघा. मग बाहेरची केबल बदलायला लावली, तीही दोनदा. शेवटी म्हणाला, मॅडम, मशीनला रुळू द्या. स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की किती मूर्ख वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

सात शाफ्ट भंगारात गेले. पंपवाला म्हणाला, पंधरा दिवस बघतो, नाहीतर दुसरीकडे जातो. अशा वेळी मी जे करते तेच केलं: काही समजेना, म्हणून दोषी शोधला. मागच्या झाकणाच्या एका स्क्रूखाली वॉशर होता. मी वॉशर कधी घालत नाही, तू विसरत नाहीस. झालं, पुरावा मिळाला. "मुद्दाम बिघडवलंस," मी म्हटलं. तू एकेक बोट पुसलंस, डबा उचललास आणि निघालास. काहीतरी बोलायचंस तरी! मला उत्तर द्यायची सवय आहे, गप्प बसलेल्या माणसाशी भांडायची नाही.

आज सकाळी आतली केबल बदलायला झाकण काढलं. चक हाताने फिरवला, सेन्सरचा लाल दिवा लागला. अर्ध्या फेऱ्यात पुन्हा लागला. डोळे चोळून दहा फेरे मोजले, दिवा वीसदा. वाकून पाहिलं तर माझ्या बोल्टच्या बरोबर समोर दुसरा बोल्ट. खरं लिहिते, पहिला विचार आला, सापडला चोर.

मग तो काढून हातात घेतला. डोक्याची एक कड जराशी घासलेली. तराजूच्या एका पारड्यात तुझा, दुसऱ्यात माझा ठेवला. काटा हलला नाही. कॉलरवर पंचची बारीक खूण, बरोबर अर्ध्या फेऱ्यावर. ज्याला यंत्र मोडायचंय तो दुपारभर वजन जुळवत बसतो का?

मग हळूहळू उलगडलं. तुझ्या बोल्टने थरथर गेली, आणि त्याच बोल्टने आटेही गेले. कम्प्युटरला एका फेऱ्याचे दोन वाटले, म्हणून त्याने टूल दुप्पट पळवलं, कधी माझ्या बोल्टवरून सोडलं, कधी तुझ्या. एका शाफ्टवर दुप्पट अंतराच्या दोन वाटा, एकीच्या मधोमध दुसरी, एक खोल, एक उथळ. पट्टी नुसते दात बघते, नटाला एकच सलग वाट लागते. तुला हे कळणार कसं? सेन्सर काय मोजतो ते मी तुला सांगितलंच कुठे? खडू सांभाळ म्हटलं होतं.

तुझा बोल्ट काढल्यावर चार शाफ्ट निघाले, चारींवर नट सरसर गेला. पाना मात्र पुन्हा खाली. तुझ्या बोल्टचं डोकं घासून सेन्सरच्या नजरेच्या टप्प्याबाहेर न्यायचं आणि गेलेलं वजन आतून भरायचं, की दोन्ही साधेल, एवढं मलाही समजतं. पण मी करणार नाही, ते तुझं काम. बोल्ट चष्म्याशेजारी ठेवलाय. पेंटर शनिवारी येईल. नाव खोडायचं की उजळायचं ते तूच शिडीखाली उभा राहून सांग.

आता चष्म्याचं. मंगळवारी पोरगी तुझे कपडे न्यायला आली तेव्हा तो फळीवरून उचलून मीच खिशात टाकला. फोन करूनही हे सगळं सांगता आलं असतं. पण तू गेलास त्याच संध्याकाळी मी तिला फोन करून म्हटलं होतं, तुझ्या बापाने जळून यंत्राची वाट लावली. तिने फोन ठेवून दिला. तुम्हा बापलेकीची खोडच ती. ते तिच्या कानात मी घातलं, म्हणून हे तिच्याच तोंडून तुला ऐकवायचं होतं: दादाने काही बिघडवलं नाही. जे बिघडलं ते माझ्या तोंडाने. पोरी, हे वाक्य पुन्हा एकदा वाच, मोठ्याने. आणि मग दोघं या चष्मा न्यायला.

तुझीच,
करवत (माझ्या जिभेवरून तूच ठेवलेलं नाव)