उलट्या पिसांची कोंबडी

२४ ऑगस्ट, रवि.
आज चक्क फुकटात कोंबडी मिळाली. सकाळी घमेलं घेऊन रस्त्यावरचं शेण गोळा करायला गेले होते. (करते मी. खत विकत घेणाऱ्यातली नाही. पंधरा गुंठ्यांत घर चालवायचं तर लाज गुंडाळून ठेवावी लागते.) ओढ्यापलीकडे गावाची हद्द संपते तिथे उंबराखाली उभी होती. काळी कुळकुळीत, आणि सगळी पिसं उलटी, मागून वारा सुटल्यासारखी. एका पायाला लाल दोरा. आजूबाजूला भिजलेला भात सांडलेला. पळाली नाही, उचलली तर फडफडलीही नाही. दोन हाका मारल्या, कोणी आलं नाही. विचारत आलं कोणी तर देऊन टाकीन.
नवऱ्याचा, प्र.चा, डोंबिवलीहून फोन. म्हणे, "कोणाची तरी ढापलीस." त्याला नोकरीतून सुटायला अजून दोन वर्षं आहेत, तोवर असलेच शेरे.
पायातला दोरा कापला. पायाला काचत होता.

२५ ऑगस्ट
खुराड्यात (म्हणजे भंगारातलं लोखंडी कपाट, आडवं टाकलेलं) बाकीच्या साऱ्या एका कोपऱ्यात चिकटून बसल्या होत्या. दुसऱ्या कोपऱ्यात ही एकटी. नवी आहे, होईल सवय. हिला नाव नको, रोजनिशीपुरती उ.पि.

२ सप्टें., मंगळ.
उ.पि. रोज अंडं देते. बाकीच्या पिसं झाडायला लागल्यात, त्यांची अंडी आटली. घार गेल्या आठवड्यात दोनदा उतरली, एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली, नेली. ही उघड्यावर उभी होती, हिच्याकडे तिने बघितलंही नाही.
गौरी पोचवायला गंगूमावशींकडे गेले होते. कुंपणापलीकडचं घर त्यांचं. मी इथे नवखी आले तेव्हा पहिलं वालाचं बी त्यांनीच दिलं. मुलगा रमेश टेंपो चालवतो. सून सुरेखा. आषाढात तिला सहाव्या महिन्यात पोट पडलं, मुलगी होती. तेव्हापासून ताप, बोलणं बंद, भिंतीकडे तोंड करून पडलेली. गणपतीच्या दोन दिवस आधी अचानक उठली म्हणे, आणि मोदक वळले. आज पाहिलं तिला. वाळून काटकी झालीये.
सांगून आले, तिला दिवसाआड एक अंडं माझ्याकडून.
"कशाला ताई? इकायची सोडून."
"विकून मी काय माडी बांधणार आहे, मावशी?"

११ सप्टें., गुरु.
सुरेखाला परत ताप. रमेशने कर्जतला दाखवलं. रक्त कमी आहे, गोळ्या दिल्यात, अंडी-दूध चालू ठेवा म्हणाले. बरं झालं मी आधीच सुरू केलं ते. दिवसाआड पोचवते. उ.पि.चंच असतं, दुसरं कोण घालतंय!
दोडका संपत आला. पडवळाला दगड बांधले.

१९ सप्टें., शुक्र.
उ.पि. संध्याकाळी आत जात नाही. सगळ्या गेल्या की पूर्वेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहते, तोंड मावशींच्या घराकडे. मला वाटायचं त्यांच्या दिव्याकडे बघते. पण काल त्यांच्याकडची लाईट गेली होती, तरी उभी होती.
आज अंडं घेऊन गेले. सुरेखा भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी आत गेल्यावर वळली, पण माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघत राहिली. परत येताना लक्षात आलं, ती भिंत पश्चिमेची, खिडकीची. माझ्या खुराड्याच्या बाजूची. ही तिकडून बघते, ती इकडून. मध्ये केळी आणि कुंपण.
उगाच काहीतरी. एकटं राहिलं की असलं सुचतं.

२४ सप्टें., बुध.
नवरात्र. मावशींकडे अंडं शिवत नाहीत, त्यामुळे माझ्याकडे साठताहेत. वाया जाणार म्हणून जीव वरखाली होत होता, तेवढ्यात मावशीच आल्या कुंपणाशी. त्यांची तांबडी खुडूक झालीये.
"अंडी हायेत का बसवाया? इषम द्या. सम नाय बसवत आमी."
मागची शिल्लक धरून अकरा दिली. बहुतेक उ.पि.ची. तुऱ्याचा कोंबडा आहेच माझा, उबतील. एकही फुकट गेलं नाही. समाधान!

३० सप्टें., मंगळ.
सुरेखा आली! आपल्या पायांनी, कुंपणापर्यंत. चवळीच्या शेंगा खुडून तिच्या ओटीत टाकल्या. "काकी, तुमची चवळी लई गोड," म्हणाली. आवाज ऐकून किती दिवस झाले होते. सहा दिवसांत ताप नाही म्हणे. मी घरात येऊन थोडी रडले.

२ ऑक्टो., दसरा
सकाळी मावशी आपट्याची पानं घेऊन आल्या. पायरीवर बसल्या, खुशीत होत्या. आता परत अंडी चालू करा म्हणाल्या. मी मांडीवर वाटी घेऊन अंडी पुसत होते.
त्या बोलत होत्या ते जसं आठवतंय तसं लिहिते.
"तुमाला म्हनून सांगते ताई. गोल्यांनी काय नाय झालं. श्रावन संपला ना, त्या अवसेला उतारा टाकला आमी. उलट्या पिसांची काली कोंबडी, तिच्यावरनं उतरली. रमेशनं वढ्याच्या पल्याड नेऊन सोडली, मागं वळून बगितलं नाय. सगळं गेलं तिच्यासंगं. मदी परत आलं थोडं, पन आता गेलं बगा."
मी हातातलं अंडं पुसतच राहिले. मावशींना मोतीबिंदू आहे, माझं तोंड त्यांना दिसलं नसणार. अंगणात उ.पि. माती उकरत होती. त्यांना तिथे नुसता काळा डाग दिसला असेल.

३ ऑक्टो.
अमावास्येला सोडली. दुसऱ्या दिवशी मी उचलली. सुरेखा बरी झाली. मी अंडी सुरू केली, ती पडली. नवरात्रात बंद, ती उठली.
प्र. म्हणतो, गोळ्या लागू पडायला तेवढे दिवस लागतातच, तू विज्ञान शिकवत होतीस ना शाळेत? होते. त्याचं बरोबर आहे. शिवाय महिनाभर मीही तिची अंडी खाल्ली आहेत, मला साधी शिंक आली नाही.
पण माझं नव्हतंच ते. सुरेखाच्या अंगावरचं होतं.
मावशींना सांगितलं, कोंबड्या पिसं झाडताहेत, अंडी नाहीत.

९ ऑक्टो., गुरु.
मावशी दुखावल्यात. "तुमच्या खुराड्यातनं रोज सकाळी ऐकू येतं की. अंडं घातल्याबिगार कोंबडी वरडती का?" मला खोटं नीट बोलताही येत नाही. कर्जतला जाऊन पांढरी अंडी आणून दिली. त्यांनी फळीवर ठेवली.
उ.पि.ची अंडी खड्डा करून पुरते आहे. मी, अंडी पुरते आहे! जिने चहाचा चोथासुद्धा कधी टाकला नाही.

१२ ऑक्टो., रवि.
कापून टाकायचा विचार केला. सुरी घेतली, झालं नाही. ती मान पुढे करून उभी राहिली हो. कोंबडी असं करत नाही.
मग पिशवीत घालून ओढ्यापलीकडे नेली, त्याच उंबराखाली ठेवली. मागे बघायचं नाही असं बजावून निघाले. ओढ्याच्या मधोमध पाय घसरला, सावरायला वळले, आणि बघितलं. ती तिथेच उभी होती, माझ्याकडे बघत.
सूर्य मावळताना कुंपणाशी होती. प्र. म्हणतो कोंबडी घर ओळखते. ओळखते. पण तिचं घर कोणतं?

१५ ऑक्टो., बुध.
मावशींच्या तांबडीने पिल्लं काढली. अकरातली नऊ. मी पार विसरले होते. खरंच विसरले होते. अंडी खाण्याचा विचार करत राहिले, बसवलेल्यांचा नाही.
बघायला गेले. सुरेखाने पदरात घेतली होती. एकेकाला ओठ लावत होती. मावशी म्हणाल्या, "पोर माणसात आली बगा." मी काय सांगणार होते त्यांना? गूळ-खोबरं खाऊन आले.

२ नोव्हें., रवि.
पाऊस उघडल्यावर भातकापणी एकदम सुरू झाली. मावशी दिवसभर शेतावर, रमेश टेंपो घेऊन बाहेर, सुरेखा घरी पिल्लांपाशी. पेंढा मागायच्या निमित्ताने गेले. पंखांची पिसं फुटलीत. मी एकेक उचलून बघत होते तशी तिने हातातून काढून घेतली. हळूच, पण काढून घेतली.
चारांची पिसं टोकाशी बाहेर वळताहेत.

९ नोव्हें., रवि.
आज सुरेखा माझ्याकडे आली. दुपारी, रविवारचा आलेला प्र. जेवून आडवा झाला होता. सरळ खुराड्याकडे गेली आणि उ.पि.समोर उकिडवी बसली. उ.पि. चालत गेली तिच्याकडे, जी माझ्याकडे कधी स्वतःहून आली नाही.
"हीच ना काकी?"
मी हो म्हटलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.
"मी खिडकीतनं बगायची. पयल्या दिवसापासनं. तुमी घमेल्यावर धरून आनली ना, तवाच वळखली."
म्हटलं, अगं मग खाल्लीस का अंडी? बोलली का नाहीस?
ती उ.पि.च्या पिसांवरून हात फिरवत होती, उलट्या बाजूने, म्हणजे त्यांच्या सरळ बाजूने.
"आई म्हनल्या, सगळं गेलं हिच्यासंगं. ताप गेला, रडनं गेलं. पोरीचं तोंड पन गेलं, काकी. डोळं मिटलं तरी दिसंना. मला कोनी इचारलं नाय घालवायचं का. अंडं खाल्लं ना, का परत दिसायची. ताप येयाचा, आन दिसायची."
"आणि नवरात्रात?"
"बरं वाटत व्हतं. सगळ्यांना." मग म्हणाली, "आईंना नका सांगू पिल्लांचं."
मावशींना दिसत नाही. रमेश घरी येतो तेव्हा पिल्लं डालग्याखाली झाकलेली असतात. तिने सगळं बघून ठेवलंय. मी शपथ घेतली नाही, पण मान हलवली. तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

१४ नोव्हें., शुक्र.
वाल टोकले. ओल चांगली आहे.
उ.पि. सकाळपासून नव्हती. मावशींच्या मागच्या पडवीत सापडली. नऊ पिल्लं पोटाखाली, तांबडी लांब उभी. सुरेखा शेजारी भिंतीला टेकून बसलेली, गाल लाल. हात लावला तर चटका बसला.
"गोळी घेतलीस का?"
"घेतली," म्हणाली आणि हसली. खोटं होतं की खरं, कळलं नाही. हसू मात्र खरं होतं. असं हसताना मी तिला कधीच पाहिलेलं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.
उ.पि.ला उचलून घरी आणलं. सुरेखाने अडवलं नाही. येईलच ती, असं तोंडावर होतं.
रमेशला फोन करून सांगितलं, तिला परत डॉक्टरांकडे ने, आजच ने. नेतो म्हणाला.

१७ नोव्हें., सोम.
डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यात. रक्त तपासायला दिलंय. प्र. म्हणतो, आता तू यातून बाहेर पड. कोंबडी विकून टाक कडावच्या बाजारात. कोणाला विकू? जो घेईल त्याच्या घरात काय जाईल, की काहीच जाणार नाही? आणि इकडे सुरेखाचं काय जाईल?

१९ नोव्हें., बुध.
उद्या अमावास्या.
संध्याकाळी मावशी आल्या, काठी टेकत. पायरीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.
"ताई, अंगावर हात ठेववत नाय तिच्या. आन हसते. कुनाशी तरी बोलते, अंगाई म्हनते. मला भ्या वाटतं." रडायला लागल्या. मी त्यांचा हात धरला.
मग म्हणाल्या, उद्या परत उतारा टाकायचाय. कोंबडी उलट्या पिसांचीच लागते. रमेशने दोन बाजार पालथे घातले, कुठे मिळाली नाही.
"तुमच्याकडं हाय म्हनं एक. रमेशनं रस्त्यावरनं बगितली. आगदी तशीच हाय म्हनला. द्याल का ताई? माझी सून जगंल."
मी घरात जाऊन पाणी आणलं. त्या प्यायल्या. तेवढ्या वेळात काहीच ठरवता आलं नाही. दिली तर ताप जाईल कदाचित, आणि त्या पोरीला आपल्या मुलीचं तोंड परत कधी दिसणार नाही. नाही दिली तर... गोळ्यांवर माझा विश्वास आहे. आहेच. मग "नाही" म्हणायला जीभ का उचलली नाही?
"उद्या संध्याकाळी रमेशला धाडते," मावशी म्हणाल्या, आणि मी गप्प राहिले तेच त्यांनी हो धरलं.
त्या गेल्यावर खुराडं लावायला गेले. उ.पि. कुंपणाशी होती. पलीकडे केळीच्या आड सुरेखा उभी होती, अंगावर गोधडी, पदरात पिल्लं. तिने सगळं ऐकलं असणार. नुसती बघत राहिली, मी काय करते ते.
खुराड्याचं दार आज लावलं नाही.