संक्रांतीच्या लाडवातली अफू

लोणावळे, पौष वद्य अष्टमी, शके १८५१

सौ. रतनबाईस अंबाजीचे जिवाभावाचे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. म्हशीचा पाय बरा झाला का? हे पत्र चिंगीकडून घरातच वाचून घे, ओसरीवर नको.

इथं वैद्यबुवांनी आपल्या सोपानची अफू रोज थोडी थोडी कमी करत ज्वारीच्या दाण्याएवढ्यावर आणली होती. ते त्याला बांधत नाहीत, रागावून बोलत नाहीत. तळमळू लागला की पाय चेपत बसतात.

रविवारी तू धाडलेले लाडू आले. खाताना पोरगं रडलं. मला वाटलं, आईच्या हाताची चव लागली. मीच म्हणालो, "खा लेका, पोटभर खा."

सांजेला तो जागा होईना, तेव्हा उरलेला लाडू फोडला. आत काळी गोळी निघाली.

सोपाननंच तुला काकुळतीचा निरोप धाडला असेल, तुला राहवलं नसेल. बुवाही म्हणाले, "आईचं काळीज हाय, तिला बोलू नका." पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे, पण नाडी फार बारीक लागते.

काल डोळे उघडताच त्यानं विचारलं, "आबा, आई आनखी कधी धाडंल?"

तू ये. त्यानं मागायला हात पुढं केला की तो धरून बसावं लागतं. माझ्याच्यानं एकट्यानं आता होत नाही.

घरी सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
अंबाजी