टांगलेल्या माणसाचा सदरा

गुरुवार, संध्याकाळ. औरंगपुरा.

गावाकडं दादा ऐकतच नाय. आटलेली विहीर खोल करायला उद्या उतरणारच म्हणतो, त्याच झिजलेल्या दोरानं. वरून फोनवर मलाच हसला, "तू सावलीत बसून चित्रं रंगव, बाबा."

चित्रंच रंगवली दिवसभर. भविष्य सांगायचे जुने विलायती पत्ते, टॅरो म्हणतात, त्यांना आमच्या प्रेसमध्ये नवे रंग देतोय. एका पत्त्यावर माणूस दोरानं उलटा टांगलेला. मालक म्हणले, "सदऱ्याला तुझ्या मनानं रंग दे." लाल दिला. नमुना छापून आला तवा ओळखला. खाटकाला विकायच्या मेंढरांच्या पाठीवर दादा लावतो, तोच लाल. त्याचा सदराही त्यानंच माखलेला असतो. माझ्या मनात हाच रंग का आला? पुसून निळा केला, तरी मला लालच दिसतोय.

पत्त्याचं सांगितलं तर आणखी हसंल. एवढंच म्हणलो, नवा दोर घेतल्याशिवाय उतरू नको. आत्ताच तीन हजार पाठवतोय.