चिंचोक्यांवर लावलेली कॉलेजफेरी

३ डिसेंबर, बुधवार
सतीश जीप विकून पुण्याला गेला. त्याची कामरगाव-कारंजा कॉलेजफेरी मोकळी झाली. ठरलेली पोरंपोरी, महिन्याचे पास, रोज सकाळी भरलेली गाडी. पॅसेंजरसाठी स्टँडवर घसा फोडायची कटकट संपली. ही फेरी मलाच मिळाली पाहिजे. माझ्या बायकोचं, वैजयंतीचंही तेच मत. ती तर म्हणाली, फेरी घेऊनच घरी या.

स्टँडवर गाड्यांचे नंबर लावायचं, फेऱ्या वाटायचं काम नानाजींचं. ते म्हणाले, पाहू रविवारी. मी म्हणालो, पाहायचं काय, पत्त्यावर ठरवू! तसंही नंबर येईपर्यंत आम्ही ड्रायव्हर लोक कडुनिंबाखाली तीन पत्तीच कुटतो. पण तीन पत्ती म्हणजे निव्वळ नशीब. म्हणून मी पोकर सुचवला. मोबाइलवर बघून बघून मी त्यात तयार झालोय, बाकी कुणाला त्यातलं ओ की ठो येत नाही. याला नियोजन म्हणतात.

नानाजी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, तुही मर्जी. प्रभावित झाले असणार.

४ डिसेंबर
शिकवणी. फेरीच्या डावात ड्रायव्हर तिघंच: मी, लखन आणि धम्मरत्न. हातात दोन पत्ते, मधे पाच उघडायचे: आधी तीन, मग एक, मग एक. सातातले चांगले पाच धरायचे. पैशाऐवजी चिंचोके, प्रत्येकाला सारखा ढीग. ज्याच्याकडे सगळा ढीग जमेल, त्याची फेरी.

लखननं विचारलं, एवढं कोन ध्यानात ठेवंल भाऊ? गडी बिचकून पळू नये म्हणून सांगितलं, कुठला हात मोठा, कुठला लहान, तो क्रम तुमच्या तीन पत्तीचाच आहे, नवीन काही नाही. बारकावे मागाहून सांगू.

लखन तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा घोळवता घोळवता पत्ते पिसतो. पत्ते लाल, चिकट, वर चुन्याचा वास. असल्या लोकांत बुद्धी वापरायची म्हणजे शिक्षाच.

५ डिसेंबर
आजचा धडा: ड्रॉ. ड्रॉ म्हणजे अजून न बनलेला पण बनण्याच्या बेतात असलेला हात. एका रंगाचे चार आलेत, पाचवा यायचाय; आला की कलर. आपला ढीग मोठा असेल तर अंगावर जायचं नाही. स्वस्तात पुढचा पत्ता बघायचा. लागला की समोरच्याला धुवायचं.

मला चार इस्पिक. लखननं चिंचोके टाकले, मीही तेवढेच दिले. नाही आलं. पुन्हा टाकले, पुन्हा दिले. शेवटी चौकट आली. धम्मरत्ननं विचारलं, भाऊ, येत नाही त देऊन काहून राह्यले? मी समजावलं की लागल्यावर जे मिळणार आहे त्याचा हिशेब आत्ताच धरायचा असतो. तो म्हणाला, म्हंजे सोयरीक व्हायच्या आधीच पंगतीत बसाचं.
हसले सगळे. दात लाल. बघवत नाही.

६ डिसेंबर, शनिवार
धम्मरत्न नव्हता. सहा डिसेंबर, त्याची जीप लोकांना घेऊन अभिवादनाला गेलेली. मी आणि लखन दोघंच बसलो.

आपला ढीग मध्यम असला तर शास्त्र वेगळं. ड्रॉ असला की आपणच जोरात वाढवायचं. समोरचा घाबरून पत्ते टाकतो, नाहीच टाकले तर आपला ड्रॉ लागू शकतो. दोन्हीकडून फायदा.

मी वाढवलं. लखननं दिले. पुन्हा वाढवलं. पुन्हा दिले. त्यानं स्वतःचे पत्ते पाहिलेसुद्धा नव्हते, मोबाइलवर म्हशीचा व्हिडिओ बघत होता. त्याची दुर्रीची जोडी जिंकली. घाबरायलासुद्धा आधी खेळ कळावा लागतो! उद्या खरा डाव आहे, उद्या दडपणाखाली येईल.

७ डिसेंबर, रविवार
धम्मरत्नचे चिंचोके आधीच लखनकडे गेले. माझेही दोन ड्रॉ फसले, दोन्ही शास्त्राप्रमाणे. ढीग मूठभर उरला. मूठभर ढीग आणि तगडा ड्रॉ असला की विचार नाही, सगळं पुढे लोटायचं.

आणि आला! हातात बदाम एक्का, बदाम राणी. मधे बदाम सत्ती, बदाम अठ्ठी, इस्पिक गुलाम. लोटलं सगळं. लखनची जीप तेवढ्यात भरली होती. रोजच्या पॅसेंजर गोजराबाई पुढच्या सीटवरून हॉर्न दाबून राहिल्या होत्या. लखन उभ्यानंच म्हणाला, घ्या माहे बी सारे, काढा लवकर. असं कुणी खेळतं का?

चौथा पत्ता बदाम दुर्री. कलर! माझा कलर लागला! मी उठून ओरडलो. शेवटची किलवर चौकी, तिचं काही काम नव्हतं. लखननं पत्ते उघडले: नव्वी आणि दश्शी. नानाजींनी बोट ठेवून मोजलं. सात, आठ, नऊ, दहा, गुलाम. म्हणाले, सिक्वेन्स हाय. कलरपरीस सिक्वेन्स मोठी.

मी म्हणालो, पोकरमध्ये कलर मोठा, अख्ख्या जगात मोठा. नानाजी म्हणाले, तूच म्हनला ना, क्रम तीन पत्तीचा? सगळ्यांनी माना डोलावल्या. गोजराबाईंनीसुद्धा, गाडीतून. त्यांना काय कळतं त्यातलं! लखन गाडी काढून गेला. जिंकल्याचा आनंदही नाही त्याला, नुसती पिचकारी.

८ डिसेंबर
पुन्हा डाव मांडा, म्हणून नानाजींकडे गेलो. ते चहा पीत होते. म्हणाले, बाबू, पत्ते काढले कायले पन तू? स्टँडवर सर्वात जुनी गाडी तुही. पोरायच्या मायबापानं बी तुहंच नाव सांगतलं होतं. रविवारी तुलेच देनार होतो. आता सर्वायसमोर शब्द झाला, मले काई करता येत नाही.

मी म्हणालो, आधी सांगायचं ना. ते म्हणाले, तू आयकून कोठी राह्यला होता?

चहा प्यालो. थंड, साखर तळाशी बसलेली. थू.

वैजयंतीला सांगितलं की निकाल अजून वादात आहे. तांत्रिक मुद्दा आहे.

९ डिसेंबर, मंगळवार
वैजयंतीला कारंज्याला जायचं होतं. म्हणालो, थांब, माझा नंबर लागेल. नंबर शेवटचा होता. ती थोडा वेळ थांबली. मग कॉलेजफेरी निघाली तशी उठली आणि लखनच्या गाडीत जाऊन बसली. पुढच्या सीटवर.

गाडी वळताना तिनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. चेहरा वाचता येतो मला, पोकरमधलं तेवढं मी पक्कं शिकलोय. नानाजी मला काय म्हणाले, ते तिला कळलंय.