पंचावन्नच्या आतल्यांना मनाई

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया, ५ ऑक्टोबर २००८

तीर्थरूप मनोहरमामांना,

गिरीशचा नमस्कार. मामींचे गुडघे आणि तुमचा राग, दोन्ही आता जरा नरमले असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक. (ठीक म्हणजे नोकरी आहे.)

तू नेमका कसला वकील, असं तुम्ही दर फोनला विचारता. बिल्डर शेतजमीन घेऊन घरं बांधतो, आणि त्या घरांत माणसांनी कसं राहू नये याचे नियम मी लिहितो. कपडे बाहेर वाळत घालू नयेत, दाराला जांभळा रंग देऊ नये, वगैरे. २००३ मध्ये ज्येष्ठांच्या एका वसाहतीसाठी मी अशी चौऱ्याण्णव पानं लिहिली. कलम अकरा: पंचावन्नच्या आतलं कोणीही वर्षातून तीस दिवसांपेक्षा जास्त राहणार नाही. बॉसने पाठ थोपटली. तिथलं तिसरं घर घेतलं तुमच्या हॉस्टेलमधल्या रूममेटने, आपल्या चंद्रशेखरकाकांनी. एकही पान न वाचता सह्या ठोकल्या. "आपल्या गिरीशने लिहिलंय, त्यात काय वाचायचं?" (इथला माणूस सख्ख्या बापाचा कागदसुद्धा वाचून घेतो.)

फेब्रुवारीत त्यांची मुलगी आणि जावई मिशिगनमध्ये नोव्हायजवळ बर्फावर गाडी घसरून गेले, ते तुम्हाला माहीतच आहे. सहा वर्षांची अनया काकांकडे आली. बरेच दिवस कोणी हरकत घेतली नाही. मग तिने फुटपाथवर खडूने लंगडीची घरं आखली, आणि रहिवाशांची असोसिएशन खडबडून जागी झाली. अध्यक्षांनी टेप लावून ती घरं मोजली, फोटो काढले (एकात अनया हसून पोझ देते आहे) आणि फाइल वकिलाकडे पाठवली. वकील मीच. बिल्डर सगळे मंदीत बसले, आता आमचं ऑफिस असोसिएशनच्या कामांवर चालतं. केस नको म्हटलं असतं तर माझ्या खुर्चीत दुसरा बसला असता. लाज वाटते मामा, पण मी नको म्हटलं नाही.

काका भांडले असते तर बरं झालं असतं. नोटीस घेऊन ते माझ्याच घरी आले, चष्मा पुसत म्हणाले, "तू इंग्लिश फार अवघड लिहितोस बुवा. जरा एक्स्प्लेन कर." मी कलम अकरा मराठीत सांगितलं. मराठीत ते फार वाईट ऐकू येतं. अनया शेजारी शंकरपाळे खात होती. तिने विचारलं, "सो व्हेन आय अ‍ॅम फिफ्टी-फाइव्ह, कॅन आय कम बॅक?" काका हो म्हणाले. मी पाणी आणायला आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो.

अठरा नोव्हेंबरला सुनावणी आहे. त्यानंतर अनयाला घर सोडावं लागेल, म्हणजे काकांनाही. आज इथे घर विकत घ्यायला कुत्रंही फिरकत नाही.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा भाचा,
गिरीश

ता. क. पत्र हाताने लिहिलं, कारण ऑफिसचा ई-मेल ऑफिस वाचतं. कलम अकरा टिकवायचं तर असोसिएशनने दर दोन वर्षांनी रहिवाशांच्या वयांची पाहणी करून कागद ठेवावे लागतात. ती एकदाही झालेली नाही. मी त्यांचा वकील. हे काकांना कळवलं तर माझी सनद जाईल. तुम्ही फोन करा. सुनावणीत एवढंच म्हणायला सांगा: पाहणीचे कागद दाखवा. बाकी मी बघतो, म्हणजे हरतो.

ता. क. दुसरा. काकांनी लक्ष्मीपूजनाला आम्हाला बोलावलंय. अनया चकल्या करणार आहे म्हणे. मी अजून हो म्हटलेलं नाही. फोन त्याआधी करा, मामा. मला त्यांच्या घरी जायचंय.