आंतरराष्ट्रीय घसा

१२ नोव्हेंबर
पेपरात बातमी. जानेवारीत चंद्रपुरात आंतरराष्ट्रीय क्रीडा महोत्सव. धावणं, सायकल, कुस्ती, तिरंदाजी. देशविदेशचे खेळाडू. खेळाडू बाहेरून आणता येतात, पण आवाज कुठून आणतील? या दोन जिल्ह्यांत माईक धरणारा माणूस एकच. रोजनिशी मायीच आहे, तरी लिहून ठेवतो: इस्तारीभाऊ चामोर्शीवाले. शंकरपटात बैलजोड्यांच्या शर्यतीची कॉमेंट्री, अन् दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकाच्या जीपवर अनाउन्समेंट. आता पुढची पायरी स्टेडियम.
संकल्प: तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. सकाळी कोमट पाणी. रोज इंग्रजी.
सायंकाळी: खर्रा अर्धाच खाल्ला.

१५ नोव्हेंबर
वडस्याहून बापूरावचा फोन. नाटक कंपनीचा मालक. नवीन नाटक ‘सून निघाली वकील’, जीप तयार आहे, सोमवारपासून बस म्हणे. मी म्हटलं, थांबा, आंतरराष्ट्रीय बोलणी चालू आहेत. कोणासंग, त्यानं विचारलं. ते सध्या गुप्त आहे म्हटलं. (बोलणी अजून चालू झाली नाईत, पण होतीलच.)
ताराबाईनं ऐकलं. अर्धांगिनी असून तिले दूरदृष्टी नाई. यंदा तलावात मासोळी नाई, जीपचं काम सोडलं तर होळीपर्यंत चूल कशी पेटन, हेच धरून बसली. मी म्हटलं, विचार मोठा ठेव. ती टोपली उचलून बाजारात गेली. ‘झिंगे घ्या हो झिंगे’ हे कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. आवाज आहे, पण बाजारी. मॉड्युलेशन नाई.

२२ नोव्हेंबर
चंद्रपूरले जाऊन आलो. महोत्सवाचं काम एका इव्हेंटवाल्या कंपनीकडं. उर्वशी मॅडम म्हणून आहेत, पुण्याच्या. कोणी सॅम्पल मांगतलं नव्हतं, पण मी टेबलासमोरच दिलं: ‘मैदान मोकळं करा होऽऽ! जोडी सुटलीऽऽ!’ बाजूच्या खोलीतले तिघं धावत आले. मॅडमनं दोन्ही कान दाबले. एकाग्रतेनं ऐकताना काही लोकं असं करतात.
नंबर लिहून घेतला. कळवू म्हणाल्या. मोठ्या ठिकाणी पटकन हो म्हणत नसतात.

३० नोव्हेंबर
फोन नाई. जिवाले चैन नाई. जेवताना मोबाईल ताटाजवळ, आंघोळीत खिडकीवर. नेटवर्कचाच प्रॉब्लेम असावा.
देशांची नावं पाठ करून राह्यलो. किर्गिझस्तान जिभेवर बसत नाई. धानाच्या बांधीवर जाऊन मोठ्यानं म्हटलं तर शेजाऱ्याच्या बकऱ्या दोर तोडून पळाल्या. शेजारी भांडाले आला. कलेची किंमत गावात नसते.
खर्रा: एक. घसा गरम राहते म्हणून.

८ डिसेंबर
बापूरावचा परत फोन. मी रियाजात होतो, ताराबाईनं उचलला. लय वेळ बोलली. काय म्हणत होता विचारलं तर म्हणे काई नाई, झिंग्याचं विचारत होते. वडस्याहून चामोर्शीचे झिंगे! मोठ्या माणसाचे शौक.

१९ डिसेंबर
आला! मेसेज आला! सिलेक्शन झालं. इंग्रजीत आहे. ‘व्हॉलंटियर’, अन् पुढं ‘पार्किंग’. पद्धत माया ध्यानात आली. गेटपासून सुरुवात अन् हळूहळू आत. सगळ्या आळीत पेढे वाटले.
स्टेडियमले कोट पायजे. बँडवाल्याचा आणला, लाल, सोनेरी दोरीचा. खांद्यावर थोडा फुगते.
ताराबाई आजकाल सकाळी जाते ते अंधार पडल्यावर येते. दुसऱ्या गावचे बाजार करते म्हणे. तलावात मासोळी नाई तर ही विकते काय? विचारणार होतो. पण कार्यक्रमाआधी कलावंतानं घरच्या गोष्टीत डोकं घालू नये.

५ जानेवारी
चंद्रपूर. गळ्यात कार्ड. कोट काढाले लावला अन् पिवळं टी-शर्ट दिलं. एक शिट्टी दिली. ड्युटी मूल गावच्या रोडवर, सायकल शर्यतीच्या पार्किंगमध्ये. मी मॅडमले स्टेडियमचं विचारलं. त्या फोनवर होत्या, मान हलवली. कोणत्या बाजूनं हलवली ते नीट दिसलं नाई. मी हो धरलं.
मुख्य गोष्ट: पार्किंगमध्ये माईक आहे! गाडी आडवी लागली तर नंबर पुकाराले. पण माईक तो माईक.

७ जानेवारी, सकाळी
गर्दी चिक्कार. आजूबाजूच्या गावची सगळी पटशौकीन मंडळी. दोघा-तिघांनी आवाजावरून ओळखलं, ‘भाऊ, आता इथी का?’ म्हणे. छाती फुगली. आज इतिहास घडणार.

७ जानेवारी, दुपारी
घडला.
झालं असं. वळणावरून दोन सायकली एकदमच आल्या, चाकाले चाक लावून. दोघंही परदेशी, मान खाली, जशी नंबरात येणारी जोडी. माया हातात माईक. तोंडातून निघून गेलं, ‘मैदान मोकळं करा होऽऽ! जोडी सुटलीऽऽ!’
माया यात काय चुकलं? पण लोकं पटाची. जोडी सुटली म्हटलं की आपल्याकडं कोणी उभं राहते का? दुपट्टे फिरले, शिट्ट्या सुटल्या, शंभरेक माणूस दोरी ओलांडून ‘हल्या हल्या’ करत सायकलीमागं धावला. त्या बिचाऱ्यांनी मागं पाहिलं. बैल असते तर जोर केला असता. हे दोघं भेदरून रस्ता सोडून सरळ लाखोळी पेरलेल्या बांधीत.
लागलं कोणाले नाई, चिखल तेवढा लागला. पब्लिक रिस्पॉन्स अभूतपूर्व. शंभरेक लोकं ‘वन्स मोर’ म्हणत होते.
उर्वशी मॅडमनं स्वतः येऊन कार्ड घेतलं. माईकही घेतला. शिट्टी मागतली नाई, ती मायाजवळच आहे.

९ जानेवारी
घरी. आळीत सांगतलं, कार्यक्रम लवकर आटोपला. कोणी जास्त विचारलं नाई. सगळ्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ आधीच आला होता.
हरकत नाई. चंद्रपूरले कदर नाई तर वडस्याले आहे. बापूरावले स्वतःच फोन केला, म्हटलं, सोमवारपासून बसतो. तो म्हणे, भाऊ, माणूस तर डिसेंबरातच भेटला, अन् काय आवाज आहे, सगळे प्रयोग हाउसफुल करून राह्यला. मी विचारलं, कोण आहे हा? तो हसला अन् फोन ठेवला.
नवीन पोरगं असंन कोणी. टिकत नाईत असे.

११ जानेवारी
ओट्यावर बसून होतो. दूर जीप ऐकू आली. ‘या हो या! सासूनं काढली घराबाहेर, सून आली काळा कोट घालून!’ जाणकार म्हणून सांगतो, आवाज पक्का. थांबायची जागा बरोबर. भरल्या बाजारात उभं राहून कमावलेला गळा. मी मनात म्हटलं, कोणाचा चेला आहे?
जीप आपल्याच दारात थांबली. ताराबाई उतरली. हातात माईक.
माईक धरणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी मी ओट्यावरून उठलो. पहिल्यांदाच.
तिनं पदरानं घाम पुसला. म्हणे, ‘अजी, तुमी सोडलेलं कामच धरलं मी. चूल कोणी पेटवली असती? मांगं पाम्प्लेट वाटाले माणूस पायजे. तुमी मोकळेच आहा.’ जीपमध्ये चढताना मांगं वळून म्हणे, ‘तो लाल कोट घालू नोका.’
विचार करून सांगतो म्हटलं. जीप चालू झाली तसा चढलो.
चार गावं झाली. माईक मागतला नाई. एका गावात पटाचा एक जुना शौकीन भेटला. माया पाम्प्लेट घेतलं, मायाकडं निरखून पाहिलं. मले वाटलं, ओळखलं. मी शिट्टीवर हात ठेवून ताठ झालो.
म्हणे, ‘ताराबाईचे मालक ना तुमी?’
हाव जी, म्हटलं.
खर्रा: तीन.