उघड्या चेंबरवरच्या फांद्या

साहेब,

त्या सकाळी मी पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या आणि माझी लग्नातली लाल साडी फाडायला बसले. "आई, पट्ट्या रुंद फाड, लांबून दिसायला हव्यात," ऋतिका म्हणाली. तिच्या सातवीच्या वर्गातली मुलं आमच्या भागातल्या प्रत्येक उघड्या चेंबरमध्ये लाल पट्टी बांधलेली फांदी खोचत होती. झाकणं बसवणं महापालिकेतल्या तुमच्या खात्याचं काम. तिचे वडील अशाच एका चेंबरमध्ये पडून वारले.

मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन रद्दीतल्या पेपरांवर केलं. त्यामुळे माझ्या भरपाईच्या अर्जाला आलेलं तुमचं उत्तर मला कुणाकडून वाचून घ्यावं लागलं नाही: "मयताने पुरेशी काळजी घेतली नव्हती." खाली सही तुमचीच.

शाळेने मुलांचा सत्कार ठेवला आणि पाहुणे म्हणून तुम्हालाच बोलावलं. आदल्या संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "रंजनाताई, पालकांच्या वतीने दोन शब्द बोला. पण यजमानांचा विषय नको हं, आनंदाचा दिवस आहे."

"आनंदाचाच आहे, बाई. त्यांनाही झाला असता."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुमचं आणखी एक उत्तर मला नको आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ऋतिकाला ढाल दिलीत आणि खुर्चीत बसून मोबाइल बघू लागलात, म्हणून सांगते. संसारभर मी ह्यांना 'अहो' म्हटलं. त्या दिवशी माइकवर सुदर्शन कोंडीराम शेलार असं पूर्ण नाव घेतलं आणि तुमचं उत्तर सहीसकट वाचून दाखवलं.

ऋतिकाची आई,
रंजना सुदर्शन शेलार
बिबवेवाडी